नेत्याला हेलिकॉप्टर, रुग्णाला झोळी: खानदेशाने हे बदलून मागावे

खानदेशात हेलिकॉप्टर जवळून दिसते ते प्रामुख्याने निवडणुकीत. बोदवड, मुक्ताईनगर, रावेर किंवा चोपड्याला मोठ्या नेत्याची सभा ठरली की सार्वजनिक बांधकाम खात्याची माणसे आधीच मैदानावर येतात. जमिनीवर रोलर फिरतो, टँकरने पाणी मारून धूळ बसवली जाते, चुन्याने वर्तुळ आणि त्यात मोठा ‘एच’ आखला जातो, वाऱ्याची दिशा कळावी म्हणून बांबूला कापडी नळी बांधली जाते. जवळपासच्या विजेच्या तारा आणि झाडे पाहिली जातात, अग्निशमन बंब आणि डॉक्टरांसह रुग्णवाहिका येते, पोलिस गर्दी मागे सारतात. हे सगळे थोड्या वेळात होते आणि व्यवस्थित होते. तालुक्याच्या गावात हेलिकॉप्टर सुरक्षित उतरवणे आपल्या यंत्रणेला उत्तम जमते, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. मग डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या शेतमजुरासाठी, किंवा बाळंतपणात रक्तस्राव न थांबलेल्या बाईसाठी ही तत्परता का दिसू नये? जळगाव विमानतळावर मध्यम आकाराचे, दोन इंजिनांचे एक हेलिकॉप्टर १०८ रुग्णवाहिका सेवेच्या ताब्यात कायमचे ठेवावे, आणि ही मागणी खानदेशातल्या सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी एकत्र येऊन करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरज कल्पनेतली नाही. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी शिवारातल्या सातपुड्याच्या डोंगरात शिरपूरहून उडालेले प्रशिक्षण विमान कोसळले. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला आणि शिकाऊ वैमानिक तरुणी गंभीर जखमी झाली. तिच्यापर्यंत पहिल्यांदा पोहोचले ते आजूबाजूचे आदिवासी बांधव. एका बाईने आपली साडी दिली, तिची झोळी करून ती लाकडाला बांधली गेली, आणि पावसाच्या दिवसांत चिखलाच्या पायवाटेने त्या मुलीला खांद्यावरून खाली रस्त्यापर्यंत आणले गेले. त्या माणुसकीचे राज्यभर कौतुक झाले, ते व्हायलाच हवे होते. पण कौतुक करून विषय संपवता येत नाही. अपघात आकाशातून झाला आणि मदत मात्र खांद्यावरून आली. सातपुड्यातल्या पाड्यांवर, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात रुग्ण असाच झोळीतून खाली येतो. विमान पडले नाही तर त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक. सपाटीवरचे चित्रही फार निराळे नाही. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेरजवळ भरधाव कंटेनर हॉटेलात घुसून किमान दहा जण गेले. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्स्प्रेसने उडवले आणि किमान १२ जणांचा जीव गेला. अशा वेळी गंभीर जखमींचा लोंढा एकाच वेळी छोट्या रुग्णालयांवर येतो आणि मोठ्या रुग्णालयाची वाट लांबची असते.

ही वाट किती लांबची आहे, ते नकाशाच सांगतो. बोदवडहून छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाचे हवाई अंतर साधारण १३० किलोमीटर आहे. रस्त्याने जायचे तर ते बरेच वाढते, मध्ये घाट येतो, आणि चांगल्या दिवशीही तीन तासांच्या आत पोहोचणे कठीण. ताशी २४० ते २५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या हेलिकॉप्टरला तेच अंतर अर्ध्या तासाचे आहे. जळगावहून तोरणमाळ हवाई मार्गाने सुमारे १५० किलोमीटर, म्हणजे चाळीस मिनिटांच्या आत. मेंदूतला रक्तस्राव, फुटलेली प्लीहा, तुटलेली मोठी रक्तवाहिनी यांत पहिल्या तासाभरात शस्त्रक्रिया मिळाली तर माणूस वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते, हे वैद्यकशास्त्रात नवे नाही. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून सुमारे ७९ लाख लोक राहतात. एवढ्या लोकसंख्येला एका हेलिकॉप्टरची मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

आता प्रश्न यंत्राचा. रुग्णसेवेसाठीचे हेलिकॉप्टर ही काही आजची चैन नाही, तिला अर्ध्या शतकाचा अनुभव आहे. म्युनिकमध्ये १ नोव्हेंबर १९७० रोजी ‘क्रिस्टोफ १’ नावाने बीओ १०५ हे दोन इंजिनांचे छोटे हेलिकॉप्टर अपघातग्रस्तांसाठी कायम तैनात झाले, आणि पुढे जर्मनीभर अशा तळांचे जाळे विणले गेले. या हेलिकॉप्टरचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची बिजागरी नसलेली पाती. ती वैमानिकाच्या हाताला चटकन प्रतिसाद देतात, म्हणून अरुंद जागी उतरणे सोपे जाते. ते बनवणाऱ्या एमबीबी कंपनीशी हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९८४ मध्ये सल्ल्याचा करार केला आणि त्यातून आपले ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर आकाराला आले. २० ऑगस्ट १९९२ रोजी त्याचे पहिले उड्डाण झाले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकी निर्बंधांमुळे ठरवलेले इंजिन मिळाले नाही, तेव्हा फ्रान्सच्या टर्बोमेकाचे इंजिन आले आणि पुढे त्याच कंपनीबरोबर विकसित केलेले, सुमारे एक हजार किलोवॉट ताकदीचे ‘शक्ती’ इंजिन बसले. २००२ पासून ध्रुव सेनादलांत आहे. गडचिरोली पोलिसांसाठी राज्य सरकारने घेतलेले एअरबसचे एच१४५ हेही मूळ एमबीबीच्याच घराण्यातले. म्हणजे म्युनिकच्या रुग्णालयापासून सियाचीनच्या बर्फापर्यंत आणि गडचिरोलीच्या जंगलापर्यंत एकाच विचाराची यंत्रे पोहोचली आहेत. खानदेशासाठी काही नवे शोधायचे नाही.

दोन इंजिनेच का, हे सामान्य वाचकाने समजून घेतले पाहिजे, कारण खर्चाचे कारण पुढे करून उद्या एका इंजिनाचे स्वस्त हेलिकॉप्टर पुढे केले जाईल. दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरमध्ये दोन्ही इंजिने मिळून एकाच मुख्य गिअरबॉक्सला ताकद देतात. एक बंद पडले तर ते आपोआप वेगळे होते, आणि दुसरे थोड्या वेळासाठी नेहमीपेक्षा जास्त ताकद देऊन यान सुरक्षित जागी नेते. एका इंजिनाच्या हेलिकॉप्टरमध्ये इंजिन गेले की वैमानिकापुढे खाली उतरण्याखेरीज मार्ग नसतो, मग खाली वस्ती असो की तापीचे पात्र. मुंबई हायला जाणारे तेल कामगार गेली अनेक दशके जुहूहून दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरने समुद्र ओलांडतात, ते याच कारणाने. अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या प्रवासासाठी दोन इंजिने आणि दोन वैमानिक असावेत, हा नागरी विमान वाहतुकीतला जुना दंडक आहे. मंत्र्याच्या जिवासाठी जी काळजी आवश्यक मानली जाते, तीच काळजी रुग्णाच्या, त्याच्या शेजारी बसलेल्या डॉक्टरच्या आणि परिचारिकेच्या जिवासाठी मान्य व्हायला हवी. मध्यम आकाराचे कारणही तितकेच व्यवहारी आहे. साडेपाच टन वजनाच्या ध्रुवच्या मागच्या बाजूला दोन झडपांचा मोठा दरवाजा आहे, त्यातून स्ट्रेचर सरळ आत जाते. गरज पडल्यास चार स्ट्रेचर मावतात. लहान हेलिकॉप्टरमध्ये रुग्ण जेमतेम आडवा होतो आणि वाटेत श्वास अडला तर डॉक्टरला त्याच्या डोक्याशी नीट बसताही येत नाही. परधाडेसारख्या अपघातात एका फेरीत एकच जखमी नेणारे यान अपुरे पडेल.

खानदेशाला लागू होणारे आणखी एक कारण आहे, आणि ते म्हणजे आपले ऊन. हेलिकॉप्टर हवेला खाली ढकलून वर उठते. हवा तापली की विरळ होते आणि पात्यांना पकड कमी मिळते. मे महिन्यात जळगाव-भुसावळ-बोदवड पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो. समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटर उंचीवरची ही हवा त्या दुपारी तेराशे-चौदाशे मीटर उंचीवरच्या प्रमाणित हवेइतकी विरळ झालेली असते. म्हणजे हेलिकॉप्टर उभे बोदवडला, पण त्याच्या पात्यांना हवा मिळते महाबळेश्वरच्या उंचीची. अशा वेळी काठावरची ताकद असलेले यान डॉक्टर, रुग्ण आणि इंधन घेऊन उठताना धापा टाकते. ध्रुव हे सियाचीनसारख्या अतिउंच ठिकाणांसाठी घडवलेले असल्याने त्याच्याकडे ताकदीची शिल्लक आहे, आणि ती शिल्लक खानदेशच्या उन्हाळ्यात उपयोगी पडेल. निवड एच१४५ ची होवो, इटालियन बनावटीच्या एडब्ल्यू१३९ ची की ध्रुवच्या नागरी आवृत्तीची, निविदेत ‘४५ अंश तापमानात, एक इंजिन बंद पडल्यास’ ही कसोटी लिहिलेली असली पाहिजे. कागदावरचा कमाल वेग आणि गुळगुळीत आसने पाहून यंत्र निवडण्याचा हा विषय नाही.

पहिला आक्षेप पैशाचा असणार, आणि तो खोटा नाही. हेलिकॉप्टरच्या एका तासाच्या खर्चात रस्त्यावरची रुग्णवाहिका कित्येक फेऱ्या मारेल. ग्रामीण रुग्णालयात भूलतज्ज्ञ नाही, सोनोग्राफी यंत्र चालवायला माणूस नाही, तिथे आकाशात पैसा कशाला उडवायचा, असे कोणीही विचारेल. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ सेवा ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली आणि तिने असंख्य जीव वाचवले. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांसाठी तरंगता दवाखाना चालवला गेला. हे सारे टिकले पाहिजे, वाढले पाहिजे. पण भूलतज्ज्ञ मिळाला म्हणून बोदवडला न्यूरोसर्जन मिळणार नाही, आणि मिळूही नये. मेंदूची शस्त्रक्रिया प्रत्येक तालुक्यात करता येत नाही, ती मोठ्या केंद्रातच सुरक्षित होते. विशेष उपचार मोठ्या शहरांत एकवटणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य असेल, तर रुग्णाला तिथे वेळेत पोहोचवणे ही त्याच धोरणाची दुसरी बाजू ठरते. ती बाजू सरकारने सोडून दिली की तिचा खर्च रुग्णाच्या घरावर पडतो: भाड्याची गाडी, कर्ज, विकलेली शेती आणि अनेकदा गेलेला माणूस. तीन जिल्ह्यांमध्ये मिळून एक हेलिकॉप्टर, तेही विकत न घेता ठरावीक उड्डाणतासांच्या कराराने, हा आरोग्य खात्याच्या आवाक्यातला खर्च आहे. शेजारचा मध्य प्रदेश हे करून दाखवत आहे. तिथे २०२४ मध्ये ‘पीएम श्री एअर ॲम्ब्युलन्स’ सेवा सुरू झाली; एक हेलिकॉप्टर आणि एक विमान तिच्यात आहे आणि आयुष्मान कार्डधारकाला ती मोफत मिळते. रावेरला लागून असलेल्या बऱ्हाणपूरच्या गरीब रुग्णाला जी सोय मागता येते, ती रावेरच्या रुग्णाला मागता येऊ नये, याचे समर्थन कोणत्या तोंडाने करायचे?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला. त्यानंतर देशातली सुमारे ३३० ध्रुव हेलिकॉप्टरे जमिनीवर ठेवण्यात आली. तपासात स्वॉशप्लेट नावाचा भाग तुटल्याचे पुढे आले. वैमानिकाच्या हातातली हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारा हा भाग आहे, आणि तो तुटल्यावर दुसरे इंजिन काहीही वाचवू शकत नाही. इक्वेडोरने घेतलेल्या सात ध्रुवांपैकी चार अपघातात गेली आणि त्या देशाने करारच मोडला. महाराष्ट्राला निलंगा आठवत असेल: २५ मे २०१७ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना घेऊन उठलेले सिकॉर्स्की हेलिकॉप्टर काही क्षणांत तारांमध्ये अडकून खाली आले. सगळे बचावले, पण तेही दोन इंजिनांचेच होते. दोन इंजिने एका विशिष्ट धोक्यापासून वाचवतात. गिअरबॉक्स, पाती, शेपटीचा पंखा आणि माणसाचा निर्णय हे एकेकटेच राहतात. म्हणून माझी मागणी ‘ध्रुवच घ्या’ अशी नाही. आपल्या देशातले यंत्र पुढे जावे ही इच्छा रास्त आहे, पण रुग्णाला त्या इच्छेची किंमत मोजायला लावू नये. ध्रुवच्या नागरी आवृत्तीने आपली दुरुस्ती सिद्ध केली आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ती तपासून मान्य केली, तर ती आनंदाने घ्यावी. तोवर दुसऱ्या सिद्ध यंत्राचा पर्याय खुला ठेवावा. निलंग्याचा धडाही सोपा आहे. घाईघाईत शोधलेल्या मैदानापेक्षा आधीच नेमलेली, तारा हटवलेली, दरवर्षी तपासलेली जागा प्रत्येक तालुक्यात हवी.

चुकीचे यंत्र चुकीच्या कारणासाठी घेतले की काय होते, हे आपण एकदा भोगलेले आहे. १९८५ मध्ये मुख्यतः तेलक्षेत्राच्या सेवेसाठी पवनहंस या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीची स्थापना झाली, तेव्हा ब्रिटनच्या मदतीच्या पैशातून २१ वेस्टलँड ३० हेलिकॉप्टरे घेतली गेली. तीही दोन इंजिनांची, मध्यम आकाराची होती. निवडीमागे गरजेपेक्षा मदत देणाऱ्याचा आग्रह मोठा होता. अपघात झाले, बिघाड थांबेनात, १९९१ पर्यंत ती उडायची बंद झाली आणि अखेर मातीमोल भावाने विकली गेली. त्याच पवनहंसची फ्रेंच डॉफिन हेलिकॉप्टरे मात्र दशकानुदशके समुद्रावर उडाली. दोन्ही वर्णनाने सारखीच. फरक होता तो यंत्राची सिद्धता, सुटे भाग आणि देखभाल यांचा. खानदेशासाठी करार करताना दर तासाचा भाव जितका पाहावा, तितकेच महिन्यातले किती दिवस यान सज्ज राहील हेही पाहावे, आणि सज्ज न राहिल्यास दंड असावा.

तिसरा आक्षेप लोक हळू आवाजात घेतात, पण तो सर्वांच्या मनात असतो: हे हेलिकॉप्टर शेवटी पुढाऱ्यांच्याच दौऱ्याला जुंपले जाईल. आजवरचा अनुभव पाहता ही भीती अवास्तव म्हणता येत नाही. तिच्यावर उपाय नियमांत आहे. यान आरोग्य खात्याचे असावे. ते पाठवण्याचा निर्णय १०८ च्या नियंत्रण कक्षातल्या डॉक्टरने वैद्यकीय निकषांवर घ्यावा, त्यासाठी मंत्रालयाची सही लागू नये. कोणत्या दिवशी, कुठून कुठे, कोणत्या कारणासाठी उड्डाण झाले याची नोंद, रुग्णाचे नाव वगळून, दर महिन्याला प्रसिद्ध व्हावी. आत स्ट्रेचर, व्हेंटिलेटर आणि मॉनिटर कायमचे बसवलेले असले की ते रातोरात काढून सोफा टाकणे तितके सोपे राहत नाही. गडचिरोलीत जखमी जवानांना हेलिकॉप्टरने नागपूरला नेण्याची व्यवस्था वर्षानुवर्षे चालू आहे. उद्देश ठरलेला आणि जबाबदारी नेमलेली असली की आपली यंत्रणा शिस्तीने चालते, हेच तिथे दिसते.

चौथा आक्षेप हवामानाचा. जुलै २००५ मध्ये मुंबई हायच्या तेल-प्लॅटफॉर्मला आग लागली तेव्हा खराब हवामानाने हेलिकॉप्टरांचे हात बांधले होते. बचावाचा मुख्य भार जहाजांवर पडला. मुसळधार पावसात, दाट धुक्यात, अंधाऱ्या डोंगरात हेलिकॉप्टर जाणार नाही, आणि जाऊ नये. वैमानिकाने ‘नाही’ म्हटले तर त्याच्यावर कोणीही दबाव आणता कामा नये, हा नियम या सेवेचा पाया असला पाहिजे. म्हणूनच हेलिकॉप्टर हा रस्त्यावरच्या रुग्णवाहिकेचा पर्याय होऊ शकत नाही. पण वर्षातले कित्येक दिवस काम करू शकणारी सेवा, काही दिवस करू शकत नाही म्हणून नाकारायची, हा तर्क आपण रेल्वेला, एसटीला किंवा कालव्याला लावत नाही. सुरुवातीला फक्त दिवसाउजेडी उड्डाणे करावीत, दिव्यांची सोय झालेल्या जागांवर पुढे रात्रीची. रुग्णाचे काम नसेल तेव्हा तेच यान हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीकाठच्या गावांवर नजर ठेवेल. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावला तितूर-डोंगरी नद्यांच्या पुराने वेढा घातला तशा प्रसंगी छतावर अडकलेल्यांना उचलेल. वाट तुटलेल्या पाड्यांवर औषधे आणि लस पोहोचवेल.

काम मोठे वाटते, पण त्यातले बहुतेक भाग आधीच हातात आहेत. जळगावचा विमानतळ २०१२ पासून आहे. जळगाव आणि धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. १०८ चा नियंत्रण कक्ष आहे. मैदान तयार करणारे बांधकाम खाते, बंदोबस्त करणारे पोलिस आणि वैमानिकांची भाषा जाणणारे जिल्हाधिकारी कार्यालय आहे. उणीव आहे ती या सगळ्यांना एका कामाला लावणाऱ्या निर्णयाची. सरकारने तीन वर्षांचा प्रायोगिक करार करावा, प्रत्येक तालुक्यात एक उतरण्याची जागा अधिसूचित करावी, आणि तीन वर्षांनी किती रुग्ण वाचले, किती उड्डाणे वाया गेली, प्रत्येक रुग्णामागे किती खर्च आला हे विधिमंडळापुढे ठेवावे. हिशेब विरुद्ध गेला तर सेवा बंद करण्याचा अधिकार सरकारला राहीलच. पण करून न पाहताच ‘परवडत नाही’ म्हणण्याचा अधिकार, प्रचारासाठी याच मैदानांवर हेलिकॉप्टरने उतरलेल्या कोणत्याही पक्षाला उरत नाही. खानदेशच्या आमदार-खासदारांनी पुढच्या अर्थसंकल्पाआधी ही मागणी लेखी मांडावी, आणि मतदारांनी पुढच्या सभेच्या हेलिपॅडवर त्यांना तिचे काय झाले ते विचारावे.